भावाला शिकवलेला अर्धा धडा

माझा धाकटा भाऊ माझ्या शिकवण्यामुळे गेला. हे मी आजवर कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर सगळ्यांनी माझी समजूत घातली असती, आणि मला समजूत नको आहे.

तेव्हा मी सावंतवाडीला एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. भाऊ तारकर्लीला, आमच्या घरी, स्वतःच्या होडीने मासेमारी करायचा. चाळिशीच्या आतच त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तपासण्यांत माझी जुळली, म्हणून मुंबईला जाऊन मी माझी एक त्याला दिली. आमच्या घरात दिल्या वस्तूचा उच्चार करणं हलकेपणाचं समजतात. शेजारणीला वाटीभर माशाचं तिखलं दिलं तरी वाटी मागायला जायचं नाही, हे आईचं वळण. त्यामुळे ऑपरेशननंतर आम्ही दोघांनी त्या किडनीबद्दल एक शब्द काढला नाही.

वर्षभर तो ठणठणीत होता. मग सारखा ताप, खोकला, तोंड आलेलं. होडी वाळूवर आणि तो ओसरीवर. कॅप्सूल एक दिवसही चुकवायची नाही, असं मुंबईच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पण का, ते त्याच्या डोक्यात शिरेल असं कुणी सांगितलं नव्हतं. एका रविवारी त्यानेच मला विचारलं की ही गोळी आत जाऊन नक्की करते तरी काय. मला कुणी विचारायचाच अवकाश असतो.

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मी टी पेशी काढली. म्हटलं, ही तुझ्या अंगाची राखणदार, पण ती आपल्या जोरावर जगत नाही. इतर पेशी इंटरल्युकिन नावाचे बारीक रेणू सोडतात. ते तिच्या अंगावर ठरावीक जागी येऊन बसले की तिला कळतं, अजून जगायचं आहे. रोगाशी गाठ पडली की ती स्वतःही तसा एक रेणू बनवते, त्याच्यावरच तगते आणि आपल्यासारख्या हजारो उभ्या करते. हा निरोप येईनासा झाला तर तिला कुणी मारावं लागत नाही. ती आतल्या आत स्वतःला मोडते आणि गुपचूप संपते. अख्ख्या पुस्तकात माझा जीव कासावीस करणारी जागा हीच, आणि वर्गात मी ती रंगवून सांगायचे. भावालाही रंगवून सांगितली. शेवटी म्हटलं, तुझी कॅप्सूल तो रेणू तयार होऊ देत नाही.

"म्हणजे त्यो उपाशी मरतत?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं.

धडा तिथे संपत नाही. त्या पेशींना उपाशी ठेवायचं, कारण त्या तगल्या की दुसऱ्याच्या किडनीवर तुटून पडतात, हे पुढचं वाक्य. ते सांगायचं तर 'माझी किडनी' असं तोंडाने म्हणावं लागलं असतं. माझी जीभ रेटेना. उपकार काढून दाखवल्यासारखं झालं असतं. डॉक्टरांचं ऐक, एवढंच म्हणून मी एसटी गाठली. सख्ख्या भावापुढे संकोच! आग लागो त्या माझ्या चांगल्या वळणाला.

दोनेक महिन्यांनी भावजयीचा फोन आला की पाय सुजलेत, लघवी जवळजवळ बंद आहे. मी पोचले. जाळी विणायच्या दोऱ्याच्या डब्यात कॅप्सूलची पाकिटं सापडली, एकाही पाकिटाची चांदी फाडलेली नव्हती. भावजय म्हणाली, वन्सं, मला खरंच माहीत नव्हतं. बंद करण्याआधी तो ग्रामदेवतेकडे कौल घ्यायला गेला होता, हे गुरवाकडून कळलं. गुरवाने देवाला फुलं लावून गाऱ्हाणं घातलं होतं की अंगातल्या राखणदारांचा तोडलेला घास पुन्हा सुरू करू का. उजवीकडचं फूल पडलं, म्हणजे देवाचा होकार. मी देवावर चिडले नाही. प्रश्न माझा होता, शब्दसुद्धा माझे होते. दुसरी बाजू मी भावाला सांगितली नव्हती, ती देवापुढे कोण मांडणार?

कॅप्सूल सोडल्यावर थोडे दिवस तो खरोखर बरा होता. ताप गेला, तोंड सुधारलं, त्याने होडी पाण्यात घातली. निरोप पुन्हा वाहू लागला होता. पेशी जगल्या, वाढल्या आणि त्यांनी आपलं काम चोख केलं. किडनी गेली ती गेलीच.

मग गोव्यात डायलिसिस सुरू झालं, पण ते त्याला सोसेना. दुसरी किडनी मिळायची आशा नव्हती. एका दुपारी मी त्याच्या खाटेशी बसून राहिलेलं सगळं सांगितलं, 'माझी' म्हणून सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता.

"तू तेव्हा सांगलंस ता माका सगळा कळला होता," तो म्हणाला. "म्हणानच बंद केलंय."

मी म्हटलं, पण त्या पेशींनी माझ्या किडनीला परकी मानलं रे.

त्याने डोळे उघडले. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता चकित झाला होता.

"तुझी किडनी माका परकी कशी गो, बाय?"

याचं उत्तर पुस्तकात अर्ध्या पानाचं आहे आणि मला ते तोंडपाठ होतं. मी त्याला ते दिलं नाही. पुढे तीन आठवडे तो होता, आणि मी खाटेपाशी आले की प्रत्येक वेळी माझ्याकडे तसाच बघायचा.