दाढ येईपर्यंत तोफ नाही

ठाण्यात लढाईची कादंबरी कोणाच्या हाती पडावी आणि कोणाच्या पडू नये, हे कलेक्टरसाहेबांच्या अखत्यारीत नव्हतं. ते आमचे आतोबा ठरवत. माझ्या आत्याचे हे यजमान पलटणीतली कारकुनी सोडून घरी परतले आणि तळ्याकाठच्या वाचनालयाचे बिनपगारी चिटणीस झाले. वाचनालय म्हणजे दोन कपाटं. पहिल्यात पुराणं, प्रवासवर्णनं आणि प्रकृती कशी राखावी याची पुस्तकं. ते सताड उघडं. दुसऱ्यात लढायांच्या कादंबऱ्या, आणि त्याची किल्ली आतोबांच्या जानव्याला. आंघोळीलाही ती अंगावरच असे, त्यामुळे किल्ली गंजलेली आणि जानवं तांबूस.

लढाईची गोष्ट वय विचारून देता येत नाही, मूल पाहून द्यावी लागते, असं त्यांचं मत. आणि पाहणं म्हणजे अक्षरशः पाहणं. पोराला ओटीवर उजेडात उभं करून ते तोंड उघडायला लावत आणि मागची दाढ बोटाने चाचपत. “दाढ येईपर्यंत तोफ नाही,” हा नियम. शेजारच्या गोविंदाने त्यांचं बोट कडकडून चावलं, तेव्हा बोट झटकत त्यांनी वहीत शेरा लिहिला, ‘तलवारीपर्यंत हरकत नाही.’ दिवाळीत ते आळीतले मातीचे किल्ले बघत हिंडत. पोरं मोठ्या दिमाखाने बुरूज दाखवत, तोफा दाखवत. आतोबा उकिडवे बसून सगळं बघून घेत आणि एकच विचारत, “पाणी कुठाय?” चाळीस तोफा लावून टाकं विसरलेला किल्लेदार वर्षभर मागे पडे. त्याची आई आत्याकडे येऊन कुरकुरे. आत्या म्हणे, “मी काय करू बाई? मला बत्तीस दात आहेत, तरी माझा अर्ज पडून आहे.”

शेवटची परीक्षा मात्र एका पानाची. कादंबरीतलं एक ठरलेलं पान ते मोठ्याने वाचायला लावत. गडाच्या दरवाजाशी एक शिपाई भाकरी खात बसलेला असतो. तोफेचा गोळा येतो, शिपाई पडतो, त्याच्या अंगावरून फौज आत शिरते आणि गडावर निशाण चढतं. पान संपलं की आतोबा म्हणत, “आता तू मला एक प्रश्न विचार.” बहुतेक जण विचारत, कोण जिंकलं? झालं, पुस्तक मिटलं. एका वकिलांना हा प्रकार अपमानाचा वाटला. मिशीला पीळ देत ते आले, पान खणखणीत वाचलं आणि विचारलं, “गड कोणी घेतला?” आतोबा नम्रपणे म्हणाले, “वकीलसाहेब, दिवाळीनंतर या.” तक्रार वाचनालयाच्या अध्यक्षांकडे गेली. अध्यक्ष समजूत घालायला आले, भिडेखातर पान वाचलं आणि तेही नापास होऊन गेले.

मला मात्र दिवाळीपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. मला बारावं लागलं होतं, लग्न झालेलं होतं आणि वैशाखात कल्याणला सासरी जायचं ठरलं होतं. तिथे छापील असं एक पंचांगच होतं, तेही सासऱ्यांच्या उशाशी. माझी दाढ आलेली होती. पहिल्या खेपेला मीही कोण जिंकलं तेच विचारलं. दुसऱ्या खेपेला विचारलं, “घोड्यांचं काय झालं?” आतोबांनी मान तिरकी केली. “जवळ आलीस, बयो. पण अजून नाही.” मी घरी येऊन दोन दिवस रुसून जेवले. न जेवता रुसणं आमच्याकडे चालत नसे.

निघायच्या आठवडाभर आधी मी तिसऱ्यांदा गेले. पान एव्हाना पाठ होतं, तरी वाचलं. या खेपेला हुशारीचं काहीतरी विचारायचं मी ठरवून आले होते, पण आईने सकाळीच माझी लुगडी पेटीत भरायला घेतली होती आणि ते डोळ्यांपुढून जाईना. तोंडातून निघालं ते भलतंच. “आतोबा, त्या शिपायाच्या आईला कोणी कळवलं?”

त्यांचा हात जानव्याच्या किल्लीकडे गेला. मग म्हणाले, “मी.”

मला वाटलं, त्यांचा काहीतरी घोटाळा झालाय. पुस्तकातला शिपाई दोनशे वर्षांपूर्वीचा. त्यांनी जानव्याची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि कादंबरी माझ्या हातात दिली. वहीत नाव लिहायलाही विसरले.

घरी आत्या वाती वळत होती. तिला सांगितलं, तशी ती म्हणाली, “सरहद्दीवर होते ना हे. पलटणीतल्या पोरांची पत्रं लिहायचं काम यांच्याकडे. जी पोरं राहिली नाहीत, त्यांच्या घरीही यांनीच लिहिली. पहिल्या वर्षी झोपेत पत्ते पुटपुटायचे. रत्नागिरी, सातारा, चिपळूण.” तिने पुढची वात घेतली. “अजून वर्तमानपत्रातली लढाईची बातमी हे अर्धीच वाचतात.”

कादंबरी मी तीन दिवसांत संपवली. गड आपण घेतला होता. मी ती परत करायला गेले. त्यांनी पुस्तक घेऊन फडक्याने पुसलं.

कल्याणचा मचवा भरतीला सुटायचा. बंदरावर सगळे माझ्या आईला धीर देत होते. आतोबा गर्दीतून वाट काढत आले आणि त्यांनी माझ्या हातात टपालाच्या कार्डांची एक चळत ठेवली. बारा कार्डं होती, प्रत्येकावर त्यांनी स्वतःचा पत्ता मोडीत लिहिलेला. “खुशाल आहे, एवढंच लिही,” ते म्हणाले. “जास्त काही नको.”

मी तसंच लिहीत गेले. खुशाल नसले तरी तेच लिहिलं. अकरावं कार्ड टाकलं त्या श्रावणात आत्याचा निरोप आला, आतोबा गेले. बारावं कार्ड माझ्या पेटीत लुगड्यांखाली आहे. त्यांचं अक्षर अजून ठसठशीत दिसतं. माझी बाजू कोरीच राहिली.