हौसामावशींच्या साइटवरची पहिली ऑर्डर

वेबसाइट बनवणाऱ्याकडं किस्से किती साठतात, काय सांगू! ओतूरला एसटी स्टँडसमोर माझं आणि जुन्नरच्या सलीमचं दुकान. साइट बनवायची आणि ती सर्चमध्ये आणायची, एवढंच काम. त्यातलं दुसरं काम घाम काढतं.

*

एका कृषी पर्यटनवाल्या भाऊंनी आमच्याच दुकानात साइटचा पूर्ण पत्ता टाइप केला आणि "आली की सर्चला!" म्हणून पेढे वाटले. घरी बायकोनं नुसतं नाव टाकून शोधलं, तर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "ताई, साइट फक्त मलाच दिसती का?" सर्चच्या यादीत यायला दिवस लागतात राव, असं सलीमनं समजावलं. पेढे आम्ही परत दिले नाहीत.

*

याच्या उलटंही होतं. इथल्या एका रोपवाटिकेचे बापू वारले. मुलाच्या सांगण्यावरून आम्ही साइट बंद केली. तरी सर्चमध्ये नाव वरच, खाली "आता उघडं आहे". एक पावणं चौकशी करत आमच्याकडं आले. रोपवाटिकेला कुलूप कसं, म्हणाले. "सर्चमधल्याच नंबरावर सकाळी फोन केला व्हता. म्हातारा म्हणला, या, बसलोय."

मुलाला विचारलं. त्या नंबराचं, बापूंचं सिम त्यानं तेव्हाच स्वतःच्या हातानं मोडलं होतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

*

आता पिंपळवंडीच्या हौसामावशी. त्यांचा मुलगा नितीन भांडून घर सोडून गेला, त्याला चार वर्षं झाली. फोन नाही, पत्ता नाही. मावशींनी मसाल्याची साइट करायला लावली ती विक्रीसाठी नव्हतीच. "कुठं असंल तिथं मोबाइल तर बघत असंल," म्हणाल्या. "घरचा मसाला आठवंल कधीतरी." नाव ठेवलं "नितीनच्या आईचा मसाला". सर्चला येईपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही, दृष्ट लागते, असं त्यांनी आम्हा दोघांना बजावलं.

नवव्या दिवशी ऑर्डर आली. नाव नितीन. अर्धा किलो. पत्ता मावशींच्याच घरचा.

मला रडूच आलं. सलीम मात्र पांढराफटक पडला. साइट अर्धवट असताना कुणाला सापडू नये म्हणून आम्ही तिला सर्चपासून झाकून ठेवतो, काम झालं की उघडतो. ती उघडायची तो विसरला होता. म्हणजे शोधून ती कुणालाच सापडली नसती.

तसेच गाडी काढून पिंपळवंडीला गेलो. कुणीतरी थट्टा केली असेल, म्हणालो. मावशींनी ऐकलंच नाही. अर्धा किलो मसाला तोलला, सलीमकडून पाकिटाला चिकटपट्टी लावून घेतली आणि ते स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं. "पत्ता हितलाच हाय न्हवं?"

तीन दिवसांनी साइटवर मेसेज आला. "आई, मसाला मिळाला. या वेळी मिरची कमी पडलीय."

पुन्हा गेलो. पाकीट फळीवर होतं तसंच, चिकटपट्टीसुद्धा कुणी उचकटलेली नव्हती. मी मेसेज वाचून दाखवला.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "घरची मिरची पुरली न्हाई म्हणून कमी घातली व्हती. कुणाला बोलले न्हाई मी, पोरी."

मग उठल्या आणि मिरच्या भाजायला घेतल्या.