भोयर सरांचा भोवरा

प्रयोग सुरू करण्याआधी भोयर सर पंखा बंद करायचे. नागपूरच्या मे महिन्यातही. पंख्याने टेबल हादरतं आणि लेसरचा ठिपका हलतो, असं त्यांचं म्हणणं. मी ओढणीने वारा घेऊ लागले की म्हणायचे, “काहून तरफडून राहिली वं? घाम तर मलेही येऊन राहिला.”

सर कुहीकडच्या धानाच्या गावातले. आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. मी त्यांची एकुलती एक संशोधक विद्यार्थिनी. सरांची बायको, आमच्या काकू, वारल्या होत्या; मुलगी कॅनडात होती.

सुपरकंडक्टर म्हणजे अतिशय थंड केल्यावर विजेला जराही न अडवणारा पदार्थ. चुंबकाजवळ नेला की त्यात चुंबकीय बळाचे सूक्ष्म भोवरे शिरतात. असा एकच भोवरा लेसरने पकडून हवा तिथे न्यायचा, हा सरांचा ध्यास. “त्याले ढकलायचं नाही,” ते सांगायचे, “बाजूले थोडी ऊब द्यायची. मंग तो आपोआप येते.”

चार वर्षं तो आला नाही. स्टाफरूममध्ये लोक हसायचे, म्हणून सर डबा प्रयोगशाळेतच खायचे.

सरांच्या निवृत्तीआधीचं, सुपरकंडक्टर थंड करायला लागणारं शेवटचं द्रव हेलियम आलं, त्याच दिवशी माझी पुण्यात नोकरीची मुलाखत होती. मी घुटमळले. “जा वं,” सर म्हणाले. “इतक्या वर्षांत हलला नाही, आज कुठी पळून जाते?”

दुपारी त्यांचे तीन मिस्ड कॉल होते. संध्याकाळी मी फोन केला, तर म्हणाले, “काही नाही. मुलाखत कशी झाली ते सांग.”

परतल्यावर त्यांनी संगणकावरची चित्रं दाखवली. पांढरा ठिपका, म्हणजे तो भोवरा, लेसरमागोमाग सरकला होता. मी टाळ्या वाजवल्या. पण हेलियम संपलं होतं. पुन्हा करून दाखवणं शक्य नव्हतं.

मला नोकरी लागली, सर निवृत्त झाले. फोन कमी होत गेले, माझेच. गेल्या उन्हाळ्यात सर गेले. घरात एकटेच होते.

महिन्याभराने त्यांच्या मुलीने सरांच्या मोबाइलमधला एक व्हिडिओ मला पाठवला. त्याच दुपारचा. पडद्यावर ठिपका सरकू लागतो आणि सरांचा आवाज चिरकतो, “अवं पाह्य, पाह्य! येऊन राहिला ना तो!”

मग खुर्ची करकरते.

“हो ना,” सर हळूच म्हणतात, “तू तं आज पुण्याले गेली.”