अंगठा

भेस्तानच्या आमच्या मराठी शाळेने पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, तेव्हापासून उत्तरात सगळ्यात आधी यायचा तो एका मुलीच्या वडिलांचा अंगठा. गृहपाठ पाठवा नाहीतर सहलीची सूचना, दोन मिनिटांत तो पिवळा अंगठा वर. ते मूळचे धुळ्याकडचे, इथे कापड विणायच्या लूमवर कामाला. मुलगी माझ्या सातवीच्या वर्गात. लूमच्या खडखडाटामुळे त्यांचा आवाज कायम चढलेला, आणि नुसते उभे असले तरी एक पाय सारखा हलत असायचा. त्यांच्याशी दोन मिनिटं बोललं की माझाही जीव उगाच घाईला यायचा.

गेल्या आठवड्यात मुलगी तीन दिवस आली नाही. 'आजही गैरहजर' असं मी त्यांना रोज लिहून पाठवलं. रोज अंगठा आला. चौथ्या दिवशी मी चिडले आणि फोन करून त्यांना बोलावून घेतलं.

"तीन दिवस कळवतेय तुम्हाला, मुलगी शाळेत नाही म्हणून," मी फाटकातच सुरू केलं.

त्यांचा पाय थांबला. तो थांबलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

"माले कोठे वाचता येस, बाई? तुमना मेसेज पोरच वाचीसन सांगस, मंग मी आंगठा देस. सुट्टी शे, म्हने ती."

त्यांचा पाय पुन्हा हलू लागला.

"पन बाई, तिले वाचता येस ना बरोबर?"

प्रगतिपुस्तकात 'वाचन उत्तम' असा शेरा मीच दिला होता. तोही त्यांना तिनेच वाचून दाखवला असणार.