मधला चौकोन

ड्वाइट ऑस्टबी एकतीस वर्षं वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्रमंत्र्यांचे सल्लागार होते. मंत्री सात झाले, ऑस्टबी तेच राहिले. त्यातली शेवटची चौदा वर्षं मी त्यांची कागदपत्रं टाइप केली. उत्तरेकडच्या बिटाच्या शेतात वाढलेला साधा माणूस. टेबलावर सँडविच उघडलं की आधी क्षणभर डोळे मिटायचे, मग खायचे. मी घरून सकाळची पूजा आटोपून निघायची, त्यामुळे त्यांचं ते डोळे मिटणं मला ओळखीचं वाटायचं.

त्यांचं कौशल्य एका पानाचं. मंत्र्यांना वेळ नसतो, म्हणून अख्खा देश एका पानात बसवायचा. खाली तीन पर्याय, प्रत्येकापुढे रिकामा चौकोन. मंत्री ज्यात खूण करतील तो निर्णय. मेख अशी की पहिला पर्याय इतका मिळमिळीत लिहायचा की कुणी घेऊ नये, तिसरा इतका आक्रस्ताळा की कुणाची छाती होऊ नये, आणि आपल्याला हवा तो मधे. इमारतीत सगळे असंच लिहायचे.

"कुमुद, हे पाप आहे का हो?" एकदा त्यांनी मला विचारलं.

"पाप नाही, पण देवापुढे वाचून दाखवू नका," मी म्हटलं. बराच वेळ हसत होते.

मग सातवे मंत्री आले. ट्रॅक्टरचा कारखाना चालवलेले, राजकारणात नवखे. त्यांच्या तिसऱ्याच आठवड्यात लढाईत सापडलेल्या एका शहरातली आमची कचेरी बंद करायची वेळ आली. तिथे त्या देशाची एकेचाळीस माणसं कामाला होती, दुभाषे, कारकून, ड्रायव्हर. आमच्यासाठी काम केलं म्हणून बंडखोर त्यांना जिवंत ठेवणार नव्हते. ऑस्टबींनी पान लिहिलं. पहिला पर्याय : तीन महिन्यांचा पगार देऊन आभार मानावे. दुसरा : सगळ्यांना कुटुंबांसह विमानाने आणावं. तिसरा : सैन्य पाठवून कचेरी चालू ठेवावी. पद्धतीप्रमाणे अकरा विभागांच्या सह्या झाल्या.

पावणेबाराला पान परत आलं. खूण पहिल्या चौकोनात होती.

नियमाप्रमाणे बाराच्या आत मी ते तारेच्या खोलीत द्यायला हवं होतं, तिथून हुकूम त्या शहरात जायचा. मी ते ऑस्टबींच्या सँडविचशेजारी ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि उभे राहिले.

"चला माझ्याबरोबर. आणि ओस्लोचं विसरून जा."

नॉर्वे त्यांच्या आजोबांचा देश. तिथे राजदूत म्हणून त्यांचं नाव जवळजवळ पक्कं झालं होतं, फक्त मंत्र्यांची सही राहिली होती.

मंत्र्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय चुकलं?"

"माझं चुकलं, साहेब. पहिला पर्याय कुणी निवडावा म्हणून लिहिलाच नव्हता."

"मग लिहिला कशाला?"

"तुम्ही मधला निवडावा म्हणून."

"अहो, माझ्या कारखान्यात जे उत्तम तेच पहिलं लिहायचे! वर अकरा सह्या. त्या अकरा जणांना हे माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"म्हणजे अडाणी काय तो मी एकटाच!" त्यांचा चेहरा लाल झाला. "किती वर्षं असं लिहिताय?"

"एकोणतीस."

बाहेरून सेक्रेटरीने सांगितलं की तारेची खोली पानाची वाट पाहतेय. मी मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली. मंत्र्यांनी पान ओढलं, पहिली खूण खोडली, मधल्या चौकोनात नवी केली आणि शेजारी आद्याक्षरं घातली.

"माणसं आणा. तुमचं काय करायचं ते मी नंतर बघतो."

त्यांनी बघितलं. ओस्लोला दुसरं कुणी गेलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ऑस्टबींच्या पानावर आपल्याला पटलेली गोष्ट पहिल्याच ओळीत असायची. टाइप करायलाही बरं वाटायचं.

एकेचाळीसच्या एकेचाळीस आले, बायकामुलांसकट. त्यातला लुत्फी, कचेरीचा ड्रायव्हर, आता पलीकडे व्हर्जिनियात शाळेची बस चालवतो. नोव्हेंबरात आभाराच्या सणाला तो ऑस्टबींकडे मटणाचा भात घेऊन येतो, आणि माझ्यासाठी वेगळ्या डब्यात पालकाची रोटी. या डब्याची आठवण त्याला कधी करून द्यावी लागली नाही.

जेवणाआधी प्रत्येकाने कशाबद्दल आभार मानायचे ते बोलायचं. यंदा ऑस्टबी म्हणाले, "ज्यांना आमची रीत माहीत नव्हती, त्या मंत्र्यांचे."

लुत्फीने पळी उचलली. "ड्वाइट, भाताचे तीन पर्याय आहेत. एक घास, एक वाटी, की डोंगर?"

"डोंगर."

"मधला नको?"

"गप वाढ रे," ऑस्टबी म्हणाले, आणि ताट पुढे करून त्यांनी डोळे मिटले. मीही मिटले.