टाकीवरचा शेंदूर

गाऱ्हाणं घालणं मला कधी मनापासून जमलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत कामाला लागले म्हणून मुंबईत आलो आणि घाटकोपरच्या चाळीत रुजलो. आमच्यात कुठलंही कार्य असलं, की घरातला मोठा पुरुष देवासमोर उभा राहून मोठ्या आवाजात देवाला सगळं बोलून दाखवतो, आणि मागची मंडळी प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. वडील गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मी ते आपलं उरकायचो. तोंडाने देवाचं नाव आणि मनात 'हे कधी संपतंय' एवढंच. देव आहे की नाही, या वादात मी पडलो नाही. माझं काम माझ्या हातांनी होत होतं, मग त्याला कशाला मध्ये आणायचं, असा माझा हिशेब होता.

हातांवर माझा विश्वास होता, आणि तो उगाच नव्हता. माझी मोटरसायकल सव्वीस वर्षांची. ती बटणाने सुरू होत नाही, तिला किक मारावी लागते, आणि तिच्या नाना तऱ्हा असतात. पण तिच्या प्रत्येक तऱ्हेवर माझ्याकडे घरगुती उपाय तयार. थंडीत सकाळी प्लग काढून तव्यावर दोन मिनिटं गरम करायचा. प्लग काळा पडला, तर काडेपेटीच्या खरखरीत बाजूवर घासायचा. कार्ब्युरेटर गारठला, तर त्यावर कढत पाण्यात पिळलेलं फडकं ठेवायचं. पेट्रोल खाली उतरत नसेल, तर गाडी डावीकडे जमिनीपर्यंत आडवी करून उभी करायची. अगदीच हट्टाला पेटली, तर एअर फिल्टरच्या तोंडावर तळहात धरून किक मारायची. आणि शेवटी दुसऱ्या गिअरमध्ये धक्का. चाळीतल्या निम्म्या गाड्या मी अशाच सुरू करून दिल्या आहेत. माझ्या गाडीला मात्र माझ्याशिवाय कोणी हात लावलेला नाही, आणि हे मी चारचौघांत ऐटीत सांगायचो.

गेल्या दसऱ्याच्या दोन दिवस आधी आई मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. मुलुंडच्या एका हॉस्पिटलात तिला दाखल केलं. वय ऐंशीच्या पुढे, हृदय कमजोर. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, शस्त्रक्रियेत धोका आहे, पण अंथरुणावर पडून राहिली तर धोका त्याहून मोठा. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी अकराची वेळ ठरली. ती चुकली असती तर ते डॉक्टर पुढे दोन आठवडे गावात नव्हते, आणि दोन आठवडे आईच्या छातीने दम धरला असता याची खात्री कोणी देत नव्हतं.

संमतीचा कागद समोर आला तेव्हा आईने हात चादरीखाली घेतला. मला म्हणाली, "घरच्या देवाचो अंगारो घेवन ये. माझ्या उशाकडे उभो रवान गाराणा घाल. त्याशिवाय मी कागदार अंगठो देवचंय नाय." मी समजावलं, बायकोने समजावलं, नर्सने समजावलं. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिचा हट्ट मला ठाऊक आहे, मीच त्याचा वारसदार आहे. ठरलेल्या दिवशी सकाळी घरी येऊन आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, अंगाऱ्याची पुडी शर्टाच्या खिशात घातली आणि साडेनऊला गाडी काढली. घाटकोपर ते मुलुंड, सरळ रस्ता. सव्वादहाला पोचतो, असं बायकोला फोनवर सांगितलं.

गाडी विक्रोळीपर्यंत छान चालली. तिथे आचके देऊन बंद पडली. चार किका मारल्या, सुरू झाली, पुढे जाऊन परत बंद. असं थांबत थांबत भांडुपपर्यंत आलो आणि तिथे तिने साफ मान टाकली. खरं तर दसऱ्यापासूनच ती कुरकुरत होती. स्टेशनपर्यंतच्या फेरीतसुद्धा एकदोनदा बंद पडली होती, पण दरवेळी माझ्या कुठल्यातरी उपायाने सुरू झाली, आणि दरवेळी माझी छाती थोडी अजून फुगली. त्यामुळे भांडुपलाही मी घाबरलो नाही. गाडी फुटपाथला लावली, प्लग काढला, काडेपेटीवर घासला. मग तिला आडवी केली. मग तळहात धरला. टाकीला कान लावून गाडी हलवली, आत पेट्रोल डुचमळत होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशीच टाकी फुल केली होती. धक्का देत वीसेक पावलं पळालो. गाडीने एक उचकी दिली आणि गप्प झाली.

वाचणारा म्हणेल, रिक्षा का नाही केलीस? दोन रिक्षावाले आपणहून थांबले होते. मी हातानेच त्यांना पुढे पाठवलं. माझी गाडी मला रस्त्यात सोडून जायला लावते म्हणजे काय! आई तिकडे भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि मी इकडे एका लोखंडी गाडीशी मानापमान खेळत होतो. आज हे लिहिताना मला माझीच शरम वाटते, पण लपवून काय उपयोग.

साडेदहाला बायकोचा फोन आला. "अहो, कुठे आहात तुम्ही? डॉक्टर दोनदा येऊन गेले. आई डोळेच उघडत नाहीयेत, नुसतं 'तो येतलो' म्हणतायत." मी "आलोच" म्हणालो. फोन ठेवल्यावर आता तरी रिक्षा करावी म्हणून हात केला, तर सिग्नलला तुंबलेल्या गर्दीत एकही रिकामी दिसेना. माझे हात काळे झाले होते, शर्ट घामाने अंगाला चिकटला होता, आणि पहिल्यांदाच, अगदी आयुष्यात पहिल्यांदा, माझ्याकडे पुढचा उपाय नव्हता.

मी फुटपाथच्या कडेला बसलो. खिशातली पुडी हाताला लागली. कोणी बघतंय का हेही पाहिलं नाही. तोंडातून आपसूक आलं, आणि आलं ते वडिलांच्या बोलीत. "बा देवा म्हाराजा, माका येय ता सगळा करून झाला. आता माझ्या हातात कायेक नाय. माझी आवस थय माझी वाट बघता. आता तूच काय ता बघ."

आणि मागून खणखणीत आवाज आला, "होय म्हाराजा!"

वळून पाहिलं. चार हातांवर छत्री रोवून एक म्हातारी सुके बांगडे आणि कोलीम विकायला बसली होती. हिरवं लुगडं, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी तिच्यासमोर एवढा वेळ झगडत होतो, पण माझं लक्षच गेलं नव्हतं. ती म्हणाली, "रे झिला, मगाधरसून बघतंय, त्या गाडयेक लाथो मारतस. टाकयेचा झाकाण उघडून बघितलंस?"

मी म्हणालो, "त्यावर पूजेचा शेंदूर आहे, आजी. दसऱ्याचा. तो मोडायचा नाही म्हणून..."

ही आमच्या घरची पद्धत. दसऱ्याला शेंदूर तेलात घट्ट कालवून वाहनाला लावायचा आणि तो आपोआप झिजेपर्यंत मोडायचा नाही. लोक दिव्याच्या काचेवर लावतात. मी टाकीच्या झाकणावर लावायचो, कारण गाडीचा जीव पेट्रोलमध्ये. त्या वर्षी आई हॉस्पिटलात, म्हणून जरा जास्तच जाड थापला होता.

म्हातारी म्हणाली, "माझ्या घोवाच्या होडयेचा मशीन असाच करी. टाकयेचो बूच सैल करूक इसारलो, की भर दर्यात दम टाकी. तेल भायर जाता, तर आत वारो येवक नको? देवाच्या नावान तिचो दम कोंडलंस, आणि वर देवाकच गाराणा घालतस?"

मी चावी लावून झाकण फिरवलं. शेंदूर तडकला आणि टाकीने फुस्स करून मोठा श्वास ओढला. झाकणाला हवा आत घ्यायला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. ते मला माहीत होतं. सव्वीस वर्षं माहीत होतं! त्यात शेंदूर बसून दगड झाला होता. म्हातारीने बांगडीत अडकवलेली पिन काढून पुढे केली. मी भोक मोकळं केलं, झाकण लावलं, किक मारली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. मी वाकून तिच्या पायांना हात लावायला गेलो, तर ती ओरडली, "जा रे आधी, आवस खोळंबली हा!"

अकराला दहा कमी असताना मी वॉर्डात शिरलो. डॉक्टर दारातच उभे होते. माझे काळे हात बघून त्यांनी फक्त घड्याळाकडे बोट दाखवलं. मी आईच्या कपाळाला अंगारा लावला, उशाशी उभा राहिलो आणि गाऱ्हाणं घातलं. ते लहान होतं आणि त्यात एकही शब्द उरकलेला नव्हता. डॉक्टरांच्या हाताला यश दे, आणि जे आमच्याने होणार नाही ते तू सांभाळ, एवढंच मागितलं. बायको 'होय म्हाराजा' म्हणाली, शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, आणि सगळ्यांत मोठ्याने आई म्हणाली. मग तिने चादरीतून हात बाहेर काढला आणि अंगठा पुढे केला.

शस्त्रक्रिया नीट झाली. त्याचं श्रेय डॉक्टरांचं, यात मला शंका नाही. भांडुपला जे झालं त्याला चमत्कार म्हणा असा माझा आग्रह नाही. ती म्हातारी काही अदृश्य झाली नाही. आठवड्याने मी पिन परत द्यायला गेलो तेव्हा ती तिथेच बसली होती, तिने मला ओळखलं आणि कोलीम घ्यायला लावली. पिन मात्र घेतली नाही. म्हणाली, "ठेव तुझ्याकडे. तू परत इसारतलंस." ती आता माझ्या चावीला असते. मला एवढंच कळतं, की त्या रस्त्यावर मी हात टेकले त्या क्षणी उत्तर द्यायला कोणीतरी चार हातांवर बसवून ठेवलं होतं, आणि माझी मान वळेपर्यंत ते मला दिसलं नव्हतं.

माझे उपाय मी सोडलेले नाहीत. प्लग अजूनही तव्यावर तापतो आणि बायको अजूनही बोलते. यंदा शेंदूर मात्र दिव्याच्या काचेवर लावला. सकाळी किक मारायच्या आधी मी झाकणाचं भोक बघतो आणि हळूच म्हणतो, बा देवा म्हाराजा, माझं मी करतो, उरलेलं तू बघ. हळू म्हटलं तरी वर गॅलरीत वॉकर धरून उभ्या असलेल्या आईला ते बरोबर कळतं. सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणते, "होय म्हाराजा!" मग मी किक मारतो.