चुकवलेला काटा

घाटाच्या अलीकडे आमची एसटी चहाला थांबली होती. समोरून एक ट्रक गेला आणि रस्त्यावरच्या पाटीवर लाल अक्षरं उमटली: जादा वजन. ट्रकच्या ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली.

"रस्त्याच्या पोटातच काटा बसवलाय, ताई," तो माझ्यापाशी येऊन वैतागला. "आता चुकवायचा कसा?"

माझा दादाही ट्रक चालवायचा. वजनकाटा टाळायला आडवाटेने गाडी काढायचा आणि घरी येऊन हसत सांगायचा, "आज काटा चुकवला!" आम्हीही हसायचो. याच घाटात ब्रेक लागले नाहीत, त्या दिवशीही त्याने तो चुकवलाच होता.

ड्रायव्हर पाटीला शिव्या घालत होता. दादानेही घातल्या असत्या. त्या ऐकायला मिळाल्या असत्या तर!